कागदावरील राजमुद्रा: अर्थ, वापराचे नियम आणि लाभार्थ्यांनी घ्यावयाची काळजी

रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, योजनेचे मंजुरीपत्र अशा अनेक कागदांवर तीन सिंहांचे चित्र असते. बोलीभाषेत आपण त्याला राजमुद्रा, अशोकस्तंभ किंवा नुसतेच 'सिंहाचा शिक्का' म्हणतो. कागद सरकारी आहे की नाही, हे बरेच लाभार्थी या चित्रावरूनच ठरवतात.

यातून दोन प्रकारचे नुकसान होते. कोणी सिंह छापलेला बनावट फॉर्म दाखवून 'नोंदणी फी' घेते आणि माणूस विश्वासाने पैसे देतो. कधी याच्या उलट घडते. बँकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून आलेल्या खऱ्या पत्रावर सिंह नसतात, म्हणून ते पत्र बाजूला पडते आणि कागदपत्रे देण्याची मुदत निघून जाते.

राजमुद्रा म्हणजे काय, ती कोणी वापरायची, राज्यांची चिन्हे कशी वेगळी असतात आणि कागद तपासायचा तर नेमके काय पाहायचे, याची माहिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात

- राजमुद्रा हा कागद कोणाच्या नावाने काढला आहे, एवढेच सांगते. त्यातील मजकूर खरा असल्याची ती हमी नाही.
- छापलेले चित्र कोणालाही उतरवता येते. कार्यालयातील नोंद, जावक क्रमांक, क्यूआर कोड किंवा अर्ज क्रमांक मात्र पडताळून पाहता येतो.
- राजमुद्रा नसलेला कागदही खरा आणि महत्त्वाचा असू शकतो.
- परवानगीशिवाय राजमुद्रा वापरून सरकारी कागद असल्याचा आभास निर्माण करणे हा गुन्हा आहे.

राजमुद्रा म्हणजे काय?

भारताची राजमुद्रा उत्तर प्रदेशात वाराणसीजवळ असलेल्या सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतली आहे. गौतम बुद्धांनी पहिला उपदेश सारनाथला केला. त्या ठिकाणी सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा स्तंभ उभारला. १९०४-०५ च्या उत्खननात त्याचे शीर्ष सापडले. चकचकीत घासलेल्या वालुकाश्मातील हे शीर्ष सुमारे दोन मीटर उंच असून आज ते सारनाथच्या संग्रहालयात आहे.

मूळ शिल्पात चार सिंह एकमेकांकडे पाठ करून बसलेले आहेत. समोरून पाहताना चौथा सिंह मागे राहतो, म्हणून चित्रात तीनच दिसतात. सिंहांच्या खाली गोल बैठक आहे. तिच्यावर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह कोरलेले असून दर दोन प्राण्यांमध्ये एक चक्र आहे. राजमुद्रेत त्यातले मधले चक्र, उजवीकडचा बैल आणि डावीकडचा घोडा दिसतो. दोन्ही टोकांना आणखी दोन चक्रांच्या कडा दिसतात. मूळ शिल्पात बैठकीखाली घंटेच्या आकाराचे उलटे कमळ आहे, ते राजमुद्रेत घेतलेले नाही.

चित्राखाली देवनागरीत 'सत्यमेव जयते' असे लिहिलेले असते. हे बोधवाक्य मुंडक उपनिषदातील आहे. नियमाप्रमाणे बोधवाक्य हा राजमुद्रेचाच भाग आहे, त्याशिवाय राजमुद्रा पूर्ण होत नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे देश प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी, भारताने ही राजमुद्रा स्वीकारली. घरात नाणे, नोट किंवा पासपोर्ट असेल तर त्यावर ती पाहता येईल.

राजमुद्रा, राज्याचे चिन्ह, बोधचिन्ह आणि शिक्का यांतील फरक

एकाच कागदावर कधीकधी चार-पाच चित्रे आणि शिक्के असतात. त्यांचा अर्थ वेगवेगळा असतो.

- राजमुद्रा: भारत सरकारचे अधिकृत चिन्ह. अनेक राज्य सरकारेही केंद्राच्या संमतीने ती स्वतःच्या नावासह वापरतात किंवा राज्याच्या चिन्हात समाविष्ट करतात.
- राज्याचे चिन्ह: त्या राज्याच्या शासनाची ओळख. शासन निर्णय, रेशनकार्ड, दाखले यांवर ते असते.
- बोधचिन्ह: एखाद्या योजनेचे किंवा संस्थेचे चित्र. आधारचे बोधचिन्ह म्हणजे सूर्य आणि त्यात बोटाचा ठसा. योजनेचे बोधचिन्ह जाहिरातीत, फलकावर, भिंतीवर कुठेही असते. त्यावरून कागद कोणत्या योजनेसंबंधी आहे ते कळते, तो कोणी काढला ते कळत नाही.
- कार्यालयाचा शिक्का: तहसील कार्यालय, शाळा, रुग्णालय, ग्रामपंचायत यांचा गोल किंवा चौकोनी रबरी शिक्का. त्याला सही, अधिकाऱ्याचे पदनाम आणि तारीख यांची जोड असावी लागते.
- डिजिटल सही: ऑनलाइन मिळणाऱ्या दाखल्यावरील सही. अशा दाखल्यावर शाईची सही किंवा ओला शिक्का नसतो.

यांपैकी दाखल्याला वजन येते ते अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने आणि त्याच्या कार्यालयातील नोंदीने. बाकीची चित्रे ओळख पटवण्यासाठी असतात.

राज्यांची चिन्हे

कामासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्या किंवा महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दोन-दोन राज्यांचे कागद हाताळावे लागतात. बेळगाव, इंदूर, हैदराबाद, बडोदा या भागांत हे नेहमीचे आहे. ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून कर्नाटकात जाणाऱ्या मजुरांनाही ते लागू होते. अनोळखी चिन्ह दिसले की गोंधळ होतो. तो टाळण्यासाठी काही राज्यांची चिन्हे खाली दिली आहेत.

- महाराष्ट्र: गोलात समई आणि कडेने कमळाच्या पाकळ्या. भोवतीचा संस्कृत मजकूर छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरील मजकुराच्या धर्तीवर आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी ही मुद्रा लोककल्याणासाठी आहे, असा त्याचा भावार्थ.
- गोवा: वृक्षदीप, म्हणजे अनेक दिव्यांचा उभा दीप, आणि त्याला आधार देणारे दोन हात.
- कर्नाटक: मध्ये गंडभेरुंड हा दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी, दोन्ही बाजूंना हत्तीची सोंड असलेले सिंह आणि वर राजमुद्रेतील सिंह. गंडभेरुंड हे म्हैसूर संस्थानाचे चिन्ह होते.
- तेलंगणा: २०१४ मध्ये राज्य स्थापन झाल्यावर स्वीकारलेल्या चिन्हात काकतीय काळातील दगडी तोरण आणि चारमिनार.
- मध्य प्रदेश: वडाचे झाड आणि गहू-भाताच्या लोंब्या.
- उत्तर प्रदेश: दोन मासे, धनुष्यबाण आणि नद्यांच्या संगमाच्या लाटा.
- बिहार: बोधिवृक्ष आणि दोन बाजूंना स्वस्तिक.
- तामिळनाडू: मंदिराचे गोपुर आणि त्यापुढे राजमुद्रेतील सिंह.
- केरळ: दोन हत्ती, शंख आणि राजमुद्रेतील सिंह.
- गुजरात, राजस्थान: वेगळे चित्र नाही. राजमुद्रा आणि सोबत राज्य सरकारचे नाव.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. महाराष्ट्र शासनाच्या कागदावर सिंहांऐवजी समई असेल तर त्यात काहीच चूक नाही. गुजरातमध्ये राहणाऱ्या कुटुंबाच्या कागदावर तीन सिंह दिसले म्हणून तो कागद केंद्र सरकारचा आहे, असेही नाही. चित्राखालचे नाव वाचणे आवश्यक आहे.

राज्यांची प्राणी, पक्षी, वृक्ष, फूल अशीही मानचिन्हे असतात. महाराष्ट्रात शेकरू, हरियाल, आंबा आणि तामण ही मानचिन्हे असून २०१५ मध्ये राणी पाकोळी हे राज्य फुलपाखरू ठरले. निसर्गाची जपणूक व्हावी हा त्यामागचा हेतू आहे. दाखल्याच्या वैधतेशी या मानचिन्हांचा संबंध नाही.

राजमुद्रा कोण वापरू शकते?

राजमुद्रेच्या वापरासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली २००७ मध्ये सविस्तर नियम करण्यात आले. त्यानुसार राजमुद्रा वापरण्याची मुभा ठरावीक पदांना आणि कार्यालयांनाच आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान व मंत्री, संसद, न्यायपालिका, केंद्र सरकारची मंत्रालये व विभाग, निवडणूक आयोग आणि महालेखापरीक्षक यांचा त्यात समावेश होतो. खासदार आणि आमदारांना ती पदावर असेपर्यंतच वापरता येते.

गाडीवर राजमुद्रा लावण्याचा अधिकार तर राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल अशा मोजक्या पदांनाच आहे. गाडीच्या काचेवर सिंहांचे स्टिकर असल्याने आतला माणूस सरकारी अधिकारी ठरत नाही.

कोणाला वापरता येत नाही?

नियमांनुसार वेगळा अधिकार दिला नसेल तर पुढील व्यक्तींना आणि संस्थांना राजमुद्रा वापरता येत नाही.

- माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार, माजी न्यायाधीश आणि निवृत्त सरकारी अधिकारी.
- आयोग, समित्या, सरकारी कंपन्या, बँका, नगरपरिषदा, पंचायत राज संस्था आणि विद्यापीठे.
- स्वयंसेवी संस्था, संघटना, मंडळे आणि खासगी कंपन्या. लेटरहेड, माहितीपत्रक, बिल्ला, झेंडा यांपैकी कशावरही नाही.

ज्यांना अधिकार आहे त्यांनाही एक बंधन आहे. राजमुद्रा छापलेल्या कार्डावर किंवा लेटरहेडवर नावासोबत वकील, संपादक, चार्टर्ड अकाउंटंट असे व्यवसायाचे शब्द लिहिता येत नाहीत. एखाद्याने सिंह छापलेले कार्ड दाखवले आणि त्यावर असा व्यवसाय लिहिलेला असेल, तर ते कार्ड नियमाबाहेरचे आहे.

मानवाधिकार, भ्रष्टाचार निर्मूलन, ग्राहक संरक्षण, ग्रामविकास अशा नावांनी काम करणाऱ्या खासगी संघटना ओळखपत्रावर सिंह छापतात, तेव्हा विशेष सावध राहावे. संघटना नोंदणीकृत असली तरी नोंदणीमुळे राजमुद्रेचा अधिकार मिळत नाही. सरकारचा पाठिंबा आहे असे भासवणारी नावे धंद्यासाठी वापरण्यावर १९५० च्या चिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याने आधीपासूनच बंदी आहे.

राजमुद्रा नसली तरी कागद खरा असू शकतो

वरच्या यादीत बँका आणि पंचायत राज संस्था आहेत, हे लाभार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बँकेचे पासबुक, खाते थांबल्याचे पत्र, केवायसीची सूचना यांवर बँकेचे स्वतःचे बोधचिन्ह असते. ग्रामसभेची सूचना किंवा रहिवासाबाबतचे पत्र ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर असते. महानगरपालिकांची स्वतःची मुद्रा असते.

अशा कागदावर सिंह नाहीत म्हणून तो टाकून देऊ नये. पेन्शन थांबण्याचे किंवा अनुदान परत जाण्याचे कारण अनेकदा याच साध्या पत्रात लिहिलेले असते.

याची दुसरी बाजूही आहे. काही ठिकाणी ग्रामपंचायतीच्या किंवा संस्थेच्या कागदावर सिंह छापलेले आढळतात. तेवढ्यावरून तुमचा दाखला खोटा ठरत नाही. दाखला देणाऱ्याला तो देण्याचा अधिकार होता का आणि त्याची नोंद कार्यालयात आहे का, हे पाहावे.

राजमुद्रा असली तरी काय सिद्ध होत नाही?

- स्टॅम्पपेपर: स्टॅम्पपेपरवर सिंह असतात. त्याचा अर्थ तेवढ्या रकमेचे मुद्रांक शुल्क भरले, इतकाच. आत लिहिलेला करार सरकारने तपासला किंवा मंजूर केला, असा त्याचा अर्थ होत नाही. 'स्टॅम्पपेपरवर लिहून देतो, घरकुल मिळेल' या आश्वासनामागे सरकार नसते.
- शिफारसपत्र: आमदार किंवा खासदाराच्या लेटरहेडवरील पत्र ही शिफारस असते. मंजुरी देणारा अधिकारी वेगळा असतो. शिफारसपत्र मिळाले म्हणजे लाभ मंजूर झाला असे समजू नये.
- कोरा अर्ज: अर्जाच्या नमुन्यावर सिंह असतात, कारण नमुना सरकारी असतो. तो भरून कोणाच्या हातात दिला म्हणजे अर्ज दाखल झाला असे नाही. पोच पावती किंवा अर्ज क्रमांक मिळाल्यावरच अर्ज दाखल झाला असे धरावे.
- मोबाइलवरील चित्र: व्हॉट्सअॅपवर आलेल्या पत्राच्या फोटोवरील सिंहाला काहीही किंमत नाही. असे चित्र काही मिनिटांत तयार करता येते.

कागद कसा तपासावा?

पुढील क्रमाने तपासल्यास बहुतेक वेळा खरेखोटे कळते.

१. कोणाच्या नावाने आहे ते वाचा. चित्राखाली मंत्रालय, विभाग, जिल्हा आणि कार्यालय यांचे पूर्ण नाव हवे. 'भारत सरकार मान्यताप्राप्त' हे शब्द म्हणजे कार्यालयाचे नाव नव्हे.

२. जावक क्रमांक आणि तारीख पाहा. सरकारी कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या पत्राची जावक नोंदवहीत किंवा संगणकावर नोंद असते. त्या कार्यालयात जाऊन 'या क्रमांकाचे पत्र तुमच्याकडून निघाले आहे का' असे विचारता येते.

३. सहीखाली पदनाम आहे का पाहा. फक्त नाव किंवा फक्त 'अधिकृत स्वाक्षरी' पुरेशी नाही. तहसीलदार, गटविकास अधिकारी, वैद्यकीय अधीक्षक असे पद स्पष्ट असावे.

४. क्यूआर कोड किंवा बारकोड तपासा. ऑनलाइन दाखल्यांवर तो असतो. शक्यतो त्या विभागाच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावर बारकोड क्रमांक टाकून तपासा. साध्या स्कॅनरने कोड उघडला आणि अनोळखी संकेतस्थळ आले तर पुढे जाऊ नका.

५. संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट पाहा. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' या अक्षरांनी संपतात. पानाच्या माथ्यावर मोठे सिंह असले पण पत्त्याचा शेवट वेगळा असेल, तर तेथे आधार क्रमांक, बँक खाते किंवा ओटीपी देऊ नका.

६. शासन निर्णय असेल तर संकेतांक पाहा. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या शेवटी संगणक संकेतांक दिलेला असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ निर्णय उघडतो. निर्णय सापडत नसेल तर त्याच्या भरवशावर पैसे किंवा कागदपत्रे देऊ नका.

७. पैसे कोणाला द्यायचे आहेत ते पाहा. सरकारी शुल्काची पावती मिळते. शुल्क एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर किंवा मोबाइल क्रमांकावर मागितले जात असेल तर तेथेच थांबा.

डिजिटल सहीवर प्रश्नचिन्ह दिसल्यास

ऑनलाइन दाखल्याची प्रिंट काढल्यावर सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह आणि सही पडताळलेली नाही अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसू शकतो. त्यामुळे दाखला बनावट ठरत नाही. ज्या संगणकावर फाइल उघडली, त्यावर ती सही तपासण्याची सोय चालू केलेली नाही, एवढेच त्यातून कळते. सेवा केंद्रात सही पडताळून पुन्हा प्रिंट काढता येते. डिजीलॉकरमध्ये उपलब्ध झालेली कागदपत्रे मूळ कागदपत्रांप्रमाणे ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. सोय असेल तर दाखला तेथून दाखवावा.

दुसऱ्या राज्यात गेल्यास रेशनकार्ड चालते का?

होय. 'एक देश, एक रेशनकार्ड' ही सुविधा २०२२ पासून सर्व राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंब आणि अंत्योदय कार्डधारकांना देशातील कोणत्याही रेशन दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य घेता येते. त्यासाठी कार्ड आधारशी जोडलेले असावे आणि दुकानातील मशीनवर अंगठा किंवा अन्य मार्गाने ओळख पटावी लागते.

कार्डावर समई आहे आणि दुकान कर्नाटकात आहे, हे धान्य नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. दुकानदार कार्डावरील चिन्हावर बोट ठेवून नकार देत असेल तर रेशनकार्ड क्रमांक मशीनवर तपासण्याची विनंती करा. तरीही नकार मिळाल्यास १९६७ या क्रमांकावर किंवा तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात तक्रार करा. घरी राहिलेल्या कुटुंबीयांना त्यांच्या वाट्याचे धान्य गावातच घेता येते.

राज्य सरकारच्या स्वतःच्या योजनांचे मात्र तसे नाही. त्यांचे लाभ साधारणपणे त्याच राज्यातील रहिवाशांपुरते असतात. कागदावर कोणत्या राज्याचे चिन्ह आहे हे पाहण्याचा उपयोग येथे होतो.

गैरवापरासाठी शिक्षा

२००५ च्या कायद्यानुसार, सरकारशी संबंध आहे किंवा कागद सरकारी आहे असे वाटावे अशा रीतीने परवानगीशिवाय राजमुद्रा वापरण्यास मनाई आहे. हुबेहूब वाटेल अशी नक्कल वापरणेही यात येते. शिक्षा अशी आहे.

- दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- तोच गुन्हा पुन्हा केल्यास किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे कैद आणि दंड.

या कायद्याखाली खटला भरण्यासाठी केंद्र सरकारची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. ती मिळवणे हे लाभार्थ्याचे काम नाही. पैसे गेले असतील तर फसवणुकीची तक्रार लगेच करता येते. भारतीय न्याय संहितेत फसवणूक (कलम ३१८), लोकसेवक असल्याची बतावणी (कलम २०४), फसवण्याच्या हेतूने लोकसेवकाचा गणवेश किंवा ओळखचिन्ह वापरणे (कलम २०५) आणि बनावट दस्तऐवज तयार करणे (कलम ३३६) हे स्वतंत्र गुन्हे आहेत.

फसवणूक झाल्यास काय करावे?

- कागद फाडू नका, संदेश पुसू नका. बनावट पत्र, पावती, कार्ड, मोबाइल क्रमांक, व्यवहार क्रमांक हे सर्व पुरावे आहेत.
- ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. बँकेलाही कळवा.
- पोलीस ठाण्यात तक्रार द्या. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात 'शून्य एफआयआर' नोंदवता येतो. तक्रारीची प्रत विनामूल्य मिळते.
- संबंधित विभागाला विचारा. आधारसाठी १९४७, आयुष्मान कार्डासाठी १४५५५, पीएम-किसानसाठी १५५२६१.
- माहिती अधिकार वापरा. अमुक जावक क्रमांकाचे पत्र कार्यालयाने काढले आहे का, असा प्रश्न माहिती अधिकारात विचारता येतो. केंद्र सरकारच्या आणि महाराष्ट्रातील कार्यालयांसाठी अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क माफ असते, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: गावात सिंहाचे ओळखपत्र लावलेला माणूस योजनेचे फॉर्म भरून घेत आहे. काय करावे?
उत्तर: त्याचे पदनाम आणि कार्यालय विचारा. त्याला पैसे, मूळ कागदपत्रे किंवा ओटीपी देण्यापूर्वी तलाठी, ग्रामसेवक किंवा पंचायत समितीत फोन करून खात्री करा. खऱ्या कर्मचाऱ्याला अशा चौकशीने अडचण येत नाही. तो घाई करत असेल किंवा दटावत असेल तर ११२ वर फोन करा.

प्रश्न: आम्ही बचत गटाच्या लेटरहेडवर सिंह छापले आहेत. चालेल का?
उत्तर: नाही. बचत गटाचा फलक, शिक्का किंवा लेटरहेड यांवर राजमुद्रा छापता येत नाही. गटाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि हवे असल्यास स्वतःचे बोधचिन्ह वापरा.

प्रश्न: झेरॉक्समध्ये चिन्ह अस्पष्ट आले आहे. अर्ज नाकारला जाईल का?
उत्तर: केवळ त्या कारणाने नाकारला जाऊ नये. नाव, क्रमांक, तारीख आणि सही वाचता यायला हवी. पडताळणीच्या वेळी मूळ कागद सोबत ठेवा.

प्रश्न: जुन्या दाखल्यावर 'सत्यमेव जयते' हे शब्द नाहीत. तो रद्द झाला का?
उत्तर: नाही. दाखल्याची वैधता त्याच्या मुदतीवर आणि कार्यालयातील नोंदीवर ठरते. शंका असल्यास दाखला देणाऱ्या कार्यालयात नोंद तपासून घ्या.

प्रश्न: अधिकारी म्हणतात, 'कागदावर राजमुद्रा नाही, दुसरा आणा.' हे बरोबर आहे का?
उत्तर: योजनेच्या अटींमध्ये कोणता दाखला, कोणत्या अधिकाऱ्याचा हवा ते लिहिलेले असते. तुमचा दाखला त्या अधिकाऱ्याचा असेल तर चिन्हाचे कारण पुरेसे नाही. नकाराचे कारण लेखी मागा. लेखी कारण हातात असले की वरिष्ठांकडे दाद मागणे सोपे जाते.

हे करून ठेवा

घरातील महत्त्वाच्या प्रत्येक कागदाचा क्रमांक, तारीख आणि तो देणाऱ्या कार्यालयाचे नाव एका वहीत लिहून ठेवा. कागद हरवला, भिजला किंवा कोणी त्यावर शंका घेतली, तर या तीन गोष्टींवरून कार्यालयातील मूळ नोंद शोधता येते. पोच पावत्या त्याच वहीत जपून ठेवा.